झाडू कोणाच्या हाती?

एका रविवारी बुद्धविहारात वंदना संपल्यावर वस्तीतील एक आई आम्हांस बाजूला घेऊन म्हणाली, "भाऊ, तुम्हीच जरा आमच्या मालकांना समजवा. पोरीचा गाईडचा स्कार्फ त्यांनी पेटीत टाकून कुलूप लावलंय. पोर दोन दिवस धड जेवली नाही."

मुलगी नववीतली. सहावीपासून शाळेच्या गाईड पथकात आहे. आधी 'प्रवेश', मग प्रथम, द्वितीय आणि तृतीय असे तीन सोपान पार करून ती राज्य पुरस्काराच्या चाचणी शिबिराची तयारी करीत होती. आठ मुलींच्या तुकडीची ती नायिका. वडील महानगरपालिकेत सफाई कामगार. कामावरून परतताना त्यांनी शाळेबाहेर स्वच्छता मोहिमेत मुलीला रस्ता झाडताना पाहिले आणि तिचा हात धरून तिला थेट घरी आणले.

संध्याकाळी आम्ही त्यांच्या घरी गेलो. ते आवाज न चढवता बोलले, पण एकेक शब्द आमच्या काळजाला लागला. "भाऊ, माझा आजा गावात महारकी करायचा. बापानं मुंबईत येऊन झाडू धरला. बापाच्या जागी वारसा हक्कानं मी लागलो. माझ्या मागं ही जागा पोरीला नको, म्हणून तिला शिकवतो. आणि तिनं बिल्ला मिळवायला झाडू मारायचा? सेवा सेवा म्हणतात, ती आपण पिढ्यान्पिढ्या केली की!"

आम्हांस लगेच उत्तर सुचले नाही. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. गावकीच्या नावाखाली आपल्या माणसांना रात्री-अपरात्री राबवून घेतले जाई, आणि त्यालाही सेवाच म्हणत. ही गुलामी मोडावी म्हणून बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई विधिमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. ही कनिष्ठ गाव वतने कायद्याने रद्द व्हायला 1958 साल उजाडावे लागले. ज्यांच्या घरात ही आठवण आहे, त्यांना सेवा हा शब्द टोचणारच.

इतक्यात मुलगी आतून एक वही घेऊन आली. "काका, हे बघा. बाबांनी हे पाहिलंच नाही."

वहीत तिच्या तुकडीच्या कामांच्या पाळ्या लिहिलेल्या होत्या. पाणी भरणे, स्वयंपाक, सामान सांभाळणे, झाडलोट, संडास-बाथरूम धुणे. प्रत्येक कामापुढे नाव आणि वार. झाडलोटीपुढे पहिले नाव तिचे स्वतःचे. त्याखाली दुकानदाराची मुलगी, मग इमारतीत राहणाऱ्या एका अधिकाऱ्याची मुलगी, असे आठही जणींचे.

मग तिने सांगितले. ती सातवीत असताना शिबिरात संडास धुण्याचे काम वस्तीतल्या तीनच मुलींकडे पुन्हा पुन्हा येई. "तुम्हाला सवय आहे," असे एक मोठी मुलगी हसत म्हणाली होती. तेव्हा ही गप्प बसली. पुढे तुकडीची नायिका झाल्यावर तिने पहिले काम केले ते ही वही घालण्याचे. काही मुली कुरकुरल्या, एकीची आई शाळेत भांडायला आली. मुलगी मागे हटली नाही. गाईड कॅप्टन बाईंनीही तिची बाजू घेतली, आणि आता पथकातील सर्व तुकड्यांना अशीच पाळी लागू आहे.

वडिलांनी वही हातात घेतली. बराच वेळ ते त्या नावांवरून बोट फिरवीत होते. मग उठून त्यांनी पेटी उघडली.

वाचकहो, आमच्या मते पुढारीपण ते हेच. हुकुमाने लादलेला झाडू ही गुलामी होय. सर्वांनी पाळीने उचललेला झाडू ही समता होय. भगवान बुद्धांनी अतिसाराने घाणीत पडलेल्या एका भिक्खूला आनंदासह स्वतःच्या हातांनी धुतले, आणि आजाऱ्याची सेवा हीच माझी सेवा असे संघाला समजावले. तथागताच्या हाताला जे काम हलके वाटले नाही, ते कोणत्याच जातीच्या हाताला हलके नाही.

ही चळवळ बेडन पॉवेल यांनी 1907 साली इंग्लंडमध्ये सुरू केली. आपल्या देशात ती आली तेव्हा सुरुवातीला हिंदी मुलांना तिच्यात प्रवेशच नव्हता. पुढे ॲनी बेझंट, मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आदींनी हिंदी मुलांसाठी वेगळी पथके काढली, आणि 7 नोव्हेंबर 1950 रोजी 'भारत स्काऊट्स आणि गाईड्स' ही एक संस्था झाली. दार बंद असले तर ते उघडून घ्यावे लागते, हा धडा आपल्याला नवा नाही.

आजीने आम्हांस आणखी एक शंका विचारली. "वचन घेताना ईश्वराचं नाव घ्यावं लागतं म्हणे. मग बावीस प्रतिज्ञांचं काय?" शंका रास्त आहे. वचनात 'ईश्वर' हा शब्द आहे, परंतु ज्याला हवे त्याने त्याऐवजी 'धर्म' म्हणावे अशी मुभा संस्थेच्या नियमांतच आहे. आमची मुलगी पहिल्या दिवसापासून 'धर्म' म्हणते. मुलांना हे कोणी सांगत नाही, म्हणून पालकांनी सांगावे.

आणि शिकलेले वाया जात नाही. मागे वस्तीत एका लहान मुलाच्या हातावर उकळता चहा सांडला. बायका टूथपेस्ट घेऊन धावल्या. या मुलीने त्यांना थांबवले, मुलाचा हात वीस मिनिटे नळाच्या पाण्याखाली धरला आणि मगच त्याला दवाखान्यात नेले. विहारात ती रोज संध्याकाळी तासभर पहिली ते चौथीच्या मुलांचा अभ्यास घेते. राज्य पुरस्कारानंतरची पायरी राष्ट्रपती पुरस्काराची. रेल्वेच्या भरतीत स्काऊट-गाईडसाठी थोड्या जागा राखून असतात. त्यासाठी राष्ट्रपती पुरस्कार उपयोगी पडतो, पण पुढेही काही वर्षे चळवळीत काम केलेले असावे लागते.

तेव्हा पालकांनो, शाळेत पथक असेल तर मुलामुलींना जरूर पाठवा. मात्र डोळे उघडे ठेवून पाठवा. शिबिरात मुलींसोबत बाई कोण आहेत ते विचारा. कामाच्या पाळ्या कशा लावतात ते विचारा. झाडू फक्त आपल्याच मुलांच्या हाती येत असेल, तर शाळेत जाऊन बोला. गणवेशाचा खर्च झेपत नसेल, तर विहार कमिटीने वर्गणीतून मदत करावी.

मुलीचे चाचणी शिबिर पार पडले. निकाल अजून यायचा आहे. शिबिराला निघाली त्या पहाटे वडील कामाची पाळी बदलून तिला बसपर्यंत सोडायला आले होते. बस सुटताना खिडकीतून तिने हात हलवला, तेव्हा ते आम्हांस एवढेच म्हणाले, "भाऊ, वही घेतली ना तिनं?"

जयभीम!