मध्यमवयीन आई आणि तिची स्वतःची इच्छा : बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या संदर्भात

प्रस्तावना :
मराठी साहित्यात आईची प्रतिमा प्रामुख्याने वात्सल्य, त्याग व सहनशीलता या गुणांनी घडली आहे. आईला स्वतःची इच्छा असते, हा विचार या प्रतिमेत सहसा सामावत नाही. महेश मांजरेकर यांच्या ‘अस्तित्व’ (२०००) या चित्रपटाने पुण्यातील मध्यमवर्गीय आईच्या निमित्ताने हा प्रश्न मांडला. तथापि, तो शहरी मध्यमवर्गापुरता मर्यादित नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रीसमोर तो अधिक लवकर व अधिक कठोर स्वरूपात उभा राहतो. प्रस्तुत लेखात याच प्रश्नाचे विवेचन केले आहे.

लवकर येणारे मध्यमवय :
राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) जिल्ह्यातील २० ते २४ वयोगटातील ४३.७ टक्के स्त्रियांचा विवाह अठराव्या वर्षापूर्वी झालेला होता. विशीच्या आत आई झालेली स्त्री चाळिशीपूर्वीच सासू होते. ऊसतोडीत पती-पत्नीची जोडी म्हणजे ‘एक कोयता’. मुकादमाकडून उचल घेतलेली ही जोडी वर्षातील सुमारे सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात फडावर असते. मुले अनेकदा गावी आजीजवळ राहतात. त्यामुळे आईपणाची वर्षेही सलग वाट्याला येत नाहीत. पुढे मुलगी सासरी जाते, मुलगा स्वतःचा कोयता धरतो किंवा शहराची वाट धरतो. पती हयात नसेल अथवा त्याने टाकले असेल, तर ती ‘अर्धा कोयता’ ठरते. तिचे एकाकीपण असे भावनिक तसेच आर्थिकही असते.

शरीर आणि गैरसमज :
२०१९ मध्ये गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजल्यानंतर डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. जिल्ह्यात सर्वेक्षण केलेल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. पाळीमुळे बुडणारा रोज, खाड्याचा दंड, फडावरील अस्वच्छता आणि कर्करोगाची भीती ही त्यामागील कारणे चर्चेत आली.

‘पिशवी काढली’ म्हणजे बाईपण संपले, असा समज समाजात आढळतो. वैद्यकीयदृष्ट्या तो चुकीचा आहे. अंडाशये शाबूत असतील, तर गर्भाशय काढल्यानंतरही संप्रेरके स्रवत राहतात. मात्र रजोनिवृत्ती काहीशी लवकर येऊ शकते. अंडाशयेही काढली, तर ती एकदम येते. अंगाची लाही, निद्रानाश, योनिमार्गाची कोरड, हाडांची झीज असे त्रास उद्भवतात आणि कामेच्छा मंदावू शकते. यावर उपचार होऊ शकतात. परंतु इच्छा बोलून दाखवणेच जिथे लाजिरवाणे मानले जाते, तिथे ती मंदावल्याची तक्रार दवाखान्यात कोण करणार?

इच्छा व्यक्त करण्याच्या जागा :
इच्छा म्हणजे केवळ कामेच्छा नव्हे. पुरेशी झोप, हातात स्वतःचा पैसा, लिहिता-वाचता येणे, कुणाची सोबत, हेही इच्छेचेच विषय होत. पूर्वी जात्यावरची ओवी ही मन मोकळे करण्याची एक जागा होती. हेमा राईरकर व गी पॉयटव्हँ यांच्या प्रकल्पातून लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. १९९६ मध्ये माजलगावच्या भीमनगरातही ध्वनिमुद्रण झाले. भाऊ, लेक, देव आणि बाबासाहेब यांच्याविषयी गाताना स्त्री स्वतःचे सुखदुःखही सांगत असे. पिठाची गिरणी आली, कष्ट कमी झाले. त्याबरोबर पहाटेची ती जागाही आक्रसली. आज बचत गट व भजनी मंडळ काही अंशी ती उणीव भरून काढतात. अंबाजोगाईत डॉ. शैला लोहिया यांच्या पुढाकाराने ‘मनस्विनी’ महिला प्रकल्पाचे काम उभे राहिले. आधार हरपलेल्या स्त्रीला स्वतःचा निर्णय घेता यावा, यासाठी अशा कामाचे मोल मोठे आहे.

समारोप :
या स्त्रीला इच्छा नव्याने सुचत नाहीत. विवाह, उचल व कष्ट यांखाली दबलेल्या इच्छा मुले दूर गेल्यावर वर येतात. त्यांना चाळे म्हणणे अन्यायाचे आहे. विधवेचा पुनर्विवाह १८५६ च्या कायद्याने मान्य झाला. प्रौढ मुलांच्या आईने सोबत शोधणे मात्र आजही अनेक घरांत मान्य होत नाही. जिल्ह्यातील महाविद्यालयांत शिकणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांच्या माता याच वयाच्या आहेत. आरोग्य शिबिरे, प्रौढ शिक्षण व मौखिक साहित्याचे संकलन या उपक्रमांत त्यांना ‘अमक्याची आई’ म्हणून न बोलावता त्यांच्या नावाने बोलावणे, हे अध्यापकांच्या हाती असलेले पहिले काम होय.