पोटात गोळा येतो तेव्हा

दर सोमवारी गणिताच्या तासाला पाचवीतली एक मुलगी आमच्या शाळेच्या वाचनालयाच्या दारात येऊन उभी राहायची. “बाई, पोट दुखतंय.” डॉक्टरांनी तपासलं, काही निघालं नाही. मग घरी आणि वर्गात एकच निकाल लागला: नाटकं करते.

एका सोमवारी मी तिच्या हातात ‘गट्स’ हे पुस्तक ठेवलं. इंग्रजी ती अडखळत वाचते, पण चित्रं वाचताना कुणी अडखळत नाही. ‘गट्स’ ही ग्राफिक कादंबरी आहे, म्हणजे चौकटी-चौकटींच्या चित्रांतून सांगितलेली सलग गोष्ट. अमेरिकी चित्रकर्ती रेना टेल्गमायर हिने ती स्वतःच्या लहानपणावर बेतली आहे. 2019 साली ती आली आणि 2020 मध्ये तिला दोन आयस्नर पुरस्कार मिळाले. चित्रकथांच्या जगात हा मोठा मान.

एका रात्री रेनाचं पोट बिघडतं. तिच्या आईचंही बिघडलेलं असतं. साथ असेल, म्हणून सगळे सोडून देतात. पण रेनाच्या मनात धास्ती घर करते. पुन्हा उलटी झाली तर? हे खाल्लेलं बाधलं तर? शाळा, मैत्रिणी, जेवण, सगळ्यालाच ती धास्ती चिकटते. ‘गट्स’ म्हणजे आतडी आणि हिंमतसुद्धा. गोष्टीत दोन्ही आहेत.

भीती दाटून येते त्या पानांवर हिरवट रंग पसरतो, रेना त्यात एवढीशी होऊन जाते. अशाच एका चौकटीवर माझ्या वाचकानं बोट ठेवलं. “बाई, मला अस्संच होतं.” तोवर तिच्याकडे एकच शब्द होता: दुखतंय.

आणि ते खरंच दुखतं. भीती वाटली की मेंदू शरीराला सावध करतो. छाती धडधडते, हात गार पडतात, पचन बिघडतं, कारण मेंदू आणि आतडी मज्जातंतूंनी जोडलेली आहेत. आपल्या भाषेला हे केव्हाचं ठाऊक आहे. भीतीनं पोटात गोळा येतो, असं आपणच म्हणतो. मूल तेच सांगू लागलं की मात्र त्याला खोटं पाडतो.

रेनाला आईवडील समुपदेशकाकडे नेतात. पाय जमिनीवर घट्ट टेकवायचे, श्वास सावकाश घ्यायचा, सावकाश सोडायचा, हे ती शिकते आणि पुढे सगळ्या वर्गाला शिकवते. धास्ती कायमची पळाली, असं खोटं आश्वासन पुस्तक देत नाही, म्हणून मुलांना ते पटतं.

पुस्तक हे औषध नव्हे. जेवण, झोप, शाळा सुटू लागली तर समुपदेशकाकडे किंवा बालमानसोपचारतज्ज्ञाकडे जायलाच हवं. पण त्याच्या आधीचं काम आपलं आहे. पुढच्या खेपेला मूल “पोट दुखतंय” म्हणालं, तर त्याच्या शेजारी बसा आणि विचारा, “आज शाळेत काय आहे रे?”