काकांची तारीख

माझे काका आदिलाबादला वकिली करायचे. जमिनीच्या वाटणीचे आणि उसनवारीचे दावे त्यांच्याकडे जास्त. पक्षकारांशी मराठी, तेलुगू, उर्दू, ज्याला जी भाषा येईल तीत बोलायचे. संध्याकाळची दारू सकाळवर आली, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. बाहेर मात्र आम्ही 'बीपीचा त्रास आहे' म्हणून सांगायचो. तारखेला त्यांचा ज्युनिअर उभा राहून पुढची तारीख मागून घ्यायचा. आपण काकांना सांभाळतोय, असंच आम्हाला वाटायचं.

एकदा ज्युनिअर गावाला गेला होता. काका कोर्टात पोहोचलेच नाहीत आणि एका शेतकऱ्याचा दावा गैरहजेरीत काढून टाकला गेला. अर्ज करून तो पुन्हा सुरू झाला, पण त्या माणसाचं वर्ष वाया गेलं. तो घरी आला, तेव्हा काकूंनी चहा दिला. नजर मात्र वर उचलली नाही.

बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे घेतलेलं काम वकिलाला पुरेशा कारणाशिवाय आणि पक्षकाराला वेळेत कळवल्याशिवाय सोडता येत नाही. सोडलं, तर न केलेल्या कामाची फी परत करायची असते. म्हणजे आजारी वकिलाला थांबण्याची वाट आहे. फक्त पक्षकाराला अंधारात ठेवायचं नाही. आमच्या सॉफ्टवेअरच्या कामात एकजण आजारी पडला, की त्याची ड्युटी दुसऱ्याकडे जाते. एकट्याने वकिली करणाऱ्याला अशी सोय आपणहून करावी लागते.

हा त्रास एकट्या काकांचा नाही. अमेरिकेत 2016 साली सुमारे 13 हजार वकिलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात पाचातल्या एकाचं पिणं धोकादायक पातळीवर होतं आणि 28 टक्क्यांमध्ये नैराश्याची लक्षणं होती. तिथे वकिलांसाठी गोपनीय मदत कार्यक्रम आहेत. आपल्याकडेही 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनाशी निगडित मानसिक अवस्था आजारात धरल्या आहेत, आणि उपचाराबाबत गोपनीयतेचा हक्कही दिला आहे.

काकांना शेवटी बोलतं केलं ते त्यांच्याच एका वकीलमित्राने. तो म्हणाला, ''तुझी प्रकरणं मी बघतो, तू उपचार घे.'' काकांनी पक्षकारांना बोलावून खरं सांगितलं. बहुतेकांनी मित्राच्या नावे वकीलपत्र दिलं. त्या शेतकऱ्याला काकांनी फी परत केली. मग ते व्यसनमुक्ती केंद्रात दाखल झाले. त्यांना दारू सोडून आता सहा वर्षं झाली.

मराठी माणसाला हा रस्ता नवा नाही. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी 1986 साली पुण्यात 'मुक्तांगण' सुरू केलं. रुग्णाबरोबर त्याच्या घरच्यांनाही आधार लागतो, हे तिथे पहिल्यापासून मानलं गेलं. काकूंकडे पाहिलं, की ते पटतं.

तुमच्या घरात किंवा ओळखीत असं कुणी असेल, तर 'बीपी'चं कारण पुढे करू नका. टेलि-मानसचा 14416 आणि व्यसनमुक्तीचा 14446 हे दोन्ही क्रमांक मोफत आहेत. आधी त्या माणसाशी बोला, आणि त्याच्या तारखा कोण सांभाळणार, तेही त्याच दिवशी ठरवा.