लुईज अर्ड्रिक : जीवन आणि कादंबरीलेखन

अमेरिकेतील मूलनिवासी जमातींविषयी दीर्घकाळ इतरांनीच लिहिले. ते जीवन आतून मांडणाऱ्या समकालीन कादंबरीकारांत लुईज अर्ड्रिक यांचे स्थान अग्रभागी आहे. मिनेसोटातील लिटल फॉल्स येथे ७ जून १९५४ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील जर्मन वंशाचे, तर आई टर्टल माउंटन चिपेवा जमातीची. डार्टमथ महाविद्यालयाने १९७२ मध्ये पदवी वर्गात स्त्रियांना प्रथमच प्रवेश दिला, त्या तुकडीत अर्ड्रिक होत्या. पुढे १९७९ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून त्यांनी एम.ए. पदवी संपादन केली.

‘लव्ह मेडिसिन’ (१९८४) या पहिल्याच कादंबरीस राष्ट्रीय ग्रंथसमीक्षक मंडळाचा पुरस्कार लाभला. या कादंबरीला एक नायक नाही. राखीव प्रदेशातील कुटुंबांची कथा अनेक निवेदक सांगतात. या कादंबरीच्या सुधारित आवृत्त्या १९९३ व २००९ मध्ये निघाल्या. मौखिक परंपरेतील कथा जशी प्रत्येक कथनात बदलते, तसेच काहीसे येथे घडले असे म्हणण्यास जागा आहे. समीक्षक त्यांची तुलना फॉकनरशी करतात. मात्र अर्ड्रिक यांच्या साहित्यात भूमी ही केवळ पार्श्वभूमी नसून कायद्याचा वादविषय आहे, हा भेद दुर्लक्षून चालणार नाही.

‘द राउंड हाउस’ (२०१२) मध्ये हे विशेषत्वाने जाणवते. जमातीच्या न्यायाधीशाच्या पत्नीवर बलात्कार होतो. गुन्हा नेमक्या कोणाच्या हद्दीतील भूमीवर घडला हे ठरत नाही, म्हणून खटलाच उभा राहत नाही. याचे मूळ कल्पनेत नाही. मूलनिवासी नसलेल्या आरोपीवर फौजदारी खटला चालविण्याचा जमातींच्या न्यायालयांना अधिकार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये दिला होता. २०१३ च्या कायद्याने तो अधिकार मुख्यतः कौटुंबिक हिंसाचारापुरता परत दिला. कादंबरीतील गुन्ह्यासारख्या लैंगिक हिंसाचाराचा समावेश होण्यास २०२२ साल उजाडले. कादंबरीस राष्ट्रीय ग्रंथ पुरस्कार मिळाला तो कायद्यातील या दोन्ही बदलांपूर्वी.

‘द नाइट वॉचमन’ (२०२०) ही कादंबरी आजोबा पॅट्रिक गुर्नो यांच्या जीवनावर आधारलेली आहे. जमातींची शासकीय मान्यता संपुष्टात आणण्याचा ठराव अमेरिकी काँग्रेसने १९५३ मध्ये केला. त्यात टर्टल माउंटनचे नाव होते. कारखान्यात रात्रपाळीचे पहारेकरी असलेले गुर्नो जमातीचे अध्यक्षही होते. त्यांनी या धोरणाशी झुंज दिली आणि जमातीची मान्यता टिकली. या कादंबरीस २०२१ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले.

मिनिआपोलिस येथे अर्ड्रिक यांचे ‘बर्चबार्क बुक्स’ हे ग्रंथविक्री केंद्र आहे. ‘द सेंटेन्स’ (२०२१) ची कथा अशाच एका दुकानात घडते, आणि त्या दुकानाच्या मालकिणीचे नावही लुईजच आहे.