कौलावरचा कांदा आणि शहरातला पाहुणा

आज जरा लांब जाऊया. स्पेन देशात, भूमध्य समुद्राच्या काठी बार्सिलोना नावाचं मोठं शहर आहे. जगभरातली माणसं ते बघायला येतात. पण खुद्द बार्सिलोनाची माणसं सुट्टीला कुठे जातात? सकाळी निघून रात्री घरी परतता येईल अशा आसपासच्या गावांना. आणि कुठलं गाव गाठायचं, ते ऋतू ठरवतो. त्यात आपल्या गटांच्या कामाचं बरंच आहे.

उन्हाळ्यात सगळे समुद्रावर. सिट्जेस हे किनाऱ्यावरचं गाव रेल्वेनं पाऊण तासाच्या आत येतं. मग ज्या गावांना समुद्र नाही, त्यांनी काय करायचं? त्यांनी आपापला हंगाम धरला.

वाल्स हे गाव बघा. बार्सिलोनापासून साधारण १०० किलोमीटर. तिथे कालसोत नावाचा कांदा होतो. तयार झालेला कांदा पुन्हा जमिनीत लावायचा. एका कांद्याला बरेच कोंब फुटतात. कोंब वाढतील तशी मातीची भर देत जायची, म्हणजे ऊन न लागल्यानं दांडा लांब, पांढरा आणि गोड होतो. हिवाळ्यात तो काढायचा आणि जाळावर काळा होईपर्यंत भाजायचा. जाळ कशाचा? द्राक्षवेलींच्या छाटणीच्या काड्यांचा! भाजलेले कांदे वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवतात आणि घराच्या कौलावर वाढतात. वरचं काळं साल ओढून काढायचं, बदाम, टोमॅटो, लसूण, सुकी मिरची यांच्या चटणीत बुडवायचं आणि मान वर करून खायचं. हात काळे होतात, गळ्यात फडकं बांधावं लागतं, हसणं होतं. आपली हुरडा पार्टी आठवली ना?

जानेवारीच्या शेवटच्या रविवारी वाल्सला याची मोठी जत्रा भरते. कांदा पिकवण्याची, चटणीची आणि जास्त कांदे कोण खातं याचीही स्पर्धा असते. वाल्सच्या या कांद्याला युरोपात भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. कांदा साधाच, पण त्या गावात, त्या दिवसांत आणि त्या पद्धतीनं खायचा, यालाच किंमत आली.

वसंतात, मे महिन्यात, जिरोना शहरात फुलांचा उत्सव असतो. जुनी अंगणं, जिने, वाडे फुलांनी सजवून लोकांसाठी उघडतात. बघायला पैसे लागत नाहीत. पण आलेला माणूस जेवतो, चहा-कॉफी घेतो, काही विकत नेतो. शरद ऋतूत लोक डोंगरातल्या जंगलात अळंबी शोधायला जातात आणि १ नोव्हेंबरच्या सुमारास भाजलेले चेस्टनट खातात.

मोन्सेरातला मात्र बाराही महिने गर्दी. डोंगरावर जुना मठ आणि काळ्या रंगाच्या मेरीमातेची मूर्ती आहे. वर जायला दातेरी रुळांची रेल्वे आहे. वाटेवर विक्रेते मध आणि ‘मातो’ विकतात. मातो म्हणजे ताजं, मऊ, बिनमिठाचं पनीर. त्यावर मध घालून खातात. देवस्थानापाशी प्लॅस्टिकची खेळणी कुठेही मिळतात, पण हे तिथलंच आहे.

दुसरी बाजूही ऐका. पाहुणे फार झाले की घरभाडी वाढतात, राहणं अवघड होतं. २०२४ साली बार्सिलोनाचे रहिवासी या गर्दीविरुद्ध रस्त्यावर उतरले होते. म्हणून किती पाहुणे घ्यायचे, हे गावानं आधीच ठरवलेलं बरं.

आपल्याकडे २०२० साली राज्याचं कृषी पर्यटन धोरण आलं. पण पाहुणे आले की राबायचं बायांनी आणि पैसे भलत्याच्याच हातात, असं व्हायला नको. म्हणून पुढच्या बैठकीत एवढं करा. बारा महिने लिहा आणि प्रत्येक महिन्यासमोर आपल्या गावात ताजं काय मिळतं ते मांडा. कुठली वस्तू टाकाऊ समजतो, तेही लिहा. काड्या आणि कौलं आठवा. मग स्वच्छ संडास, पिण्याचं पाणी आणि जेवणाचा दर ठरवा. त्या दरात स्वयंपाक करणारीची, भांडी घासणारीची मजुरी आधी धरा. उरेल तो नफा गटाच्या खात्यात.

पाहुणा एका दिवसाचा असतो. हिशेब मात्र वर्षाचा ठेवायचा.