सूत्रकृमीच्या देहातील नेमलेले मरण

सूत्रकृमी म्हटले की इंदापूरच्या डाळिंबवाल्याच्या आणि बारामतीच्या पेरूवाल्याच्या कपाळाला आठी पडते. मुळांना गाठी धरतात, पान पिवळे पडते आणि खतपाणी करूनही झाड उभारी धरत नाही. आज ज्याची हकिकत सांगावयाची तो या शत्रूचा दूरचा भाऊबंद. पण तो कोणाच्या मुळाला लागत नाही. सडक्या पाल्यातले जंतू खावे आणि तीन-चार दिवसांत प्रौढ होऊन अंडी घालावी, एवढाच त्याचा संसार. लांबी एक मिलिमीटर, अंग काचेसारखे आरपार. नाव मात्र देहाहून लांब : सीनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स. १९६३ साली केंब्रिजच्या सिडनी ब्रेनर यांनी त्याला संशोधनासाठी निवडले.

त्यांचे सहकारी जॉन सल्स्टन यांनी पुढे या कृमीच्या अंड्यात एका पेशीच्या दोन, दोहोंच्या चार कशा होतात हे सूक्ष्मदर्शकातून प्रत्यक्ष पाहिले. रोज चार-चार तासांच्या दोन पाळ्या, अशी दीड वर्षे! इतकी चोख हजेरी मी कोणत्याही कारखान्याच्या बुकात पाहिली नाही. त्या हजेरीचा हिशोब असा : बीजपेशी सोडल्या तर उभयलिंगी कृमीच्या देहात १०९० पेशी जन्मतात, त्यांतील १३१ मरतात, ९५९ उरतात. दुसरा कृमी घ्या, दहावा घ्या. त्याच १३१, त्याच जागी, त्याच वेळेला. यास अपघात कसे म्हणावे?

अपघात नव्हेच. अमेरिकेत रॉबर्ट हॉर्विट्झ यांनी या मरणामागील जनुके शोधली. सेड-३ हे जणू पेशीतील मिटलेली कात्री. ती उघडणारे सेड-४, आणि त्या सेड-४ ला धरून ठेवणारे सेड-९. पेशीची वेळ भरली की एगल-१ येते आणि सेड-९ ची पकड सोडविते. मग कात्री चालू लागते, पेशी आक्रसते आणि शेजारच्या पेशी तिला गिळून टाकतात. सेड-३ बिघडले तर त्या १३१ पैकी जवळजवळ सर्व पेशी जगतात. ब्रेनर, सल्स्टन आणि हॉर्विट्झ यांना २००२ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

येथे एक गोष्ट बजावून ठेवतो. श्रोत्यांत एखादे कारखानदार असतील तर त्यांना यात कामगारकपातीचा निसर्गनियम दिसेल. तो मोह त्यांनी आवरावा. सेड-३ बिघडलेला, म्हणजे कोणालाच कामावरून न काढलेला कृमी खातो, हालतो, अंडी घालतो. जादा हातांनी त्याचे दिवाळे निघत नाही.

माणसाची गोष्ट याहून कठीण. सेड-९ चे माणसातील भावंड म्हणजे बीसीएल-२. पांढऱ्या रक्तपेशींच्या एका कर्करोगात ते बेसुमार वाढते आणि मरावयाच्या पेशी मरत नाहीत. १९९२ साली माणसाचे हे जनुक कृमीत घातले, तर तेथेही पेशींचे मरण कमी झाले. पन्नास कोटी वर्षांहून अधिक काळ दोघांची घराणी विभक्त, आणि किल्ली अजून त्याच कुलपाला लागते! बीसीएल-२ ला अडविणारे व्हेनेटोक्लॅक्स हे औषध २०१६ पासून रक्ताच्या कर्करोगाच्या एका प्रकारावर वापरले जाते.

मग यंत्रणा इतकी जुनी आणि एकच, तर कृमींच्या जाती निरनिराळ्या कशा घडल्या? यंत्र तेच राहिले, मरावयाच्यांची यादी बदलली. एलेगन्सच्या बीजकोशाला पुढे आणि मागे अशा दोन शाखा असतात. मत्स्यपालनात माशांच्या पिलांना चारतात त्या पानाग्रेलस कृमीच्या मादीला एकच. १९८१ साली पॉल स्टर्नबर्ग आणि हॉर्विट्झ यांनी दाखविले की मागल्या शाखेच्या टोकाची पेशी हिच्यात मरते, आणि त्या बाजूची शाखा वाढत नाही. एका पेशीचे नाव यादीत चढले आणि देहाचा नकाशा बदलला.

आपल्या उसाला लागणारी हुमणी ही भुंगेऱ्याची अळी. त्याच घराण्यातील भुंगेऱ्यांच्या अंगावर प्रिस्टिऑन्कस नावाचा कृमी सापडतो. भुंगेरा मेला की त्यावर वाढणारे जंतू तो खातो. एलेगन्समध्ये पोटाखालच्या पेशींच्या रांगेतील मधल्या पेशी अंडी बाहेर पडण्याचे द्वार घडवितात आणि दोन्ही टोकांकडच्या बहुतेक पेशी कातडीत मिसळून जातात. प्रिस्टिऑन्कसमध्ये टोकांकडच्या पेशी मिसळत नाहीत, मरतात. मधल्यांना राखणारे जनुक मात्र दोघांत एकच, लिन-३९. एलेगन्समध्ये ते त्यांना मिसळू देत नाही. प्रिस्टिऑन्कसमध्ये मरू देत नाही.