रायफलीचा पोकळ दस्ता

रायफलीची चर्चा निघाली म्हणजे नळी, नळीतील पीळ, दुर्बीण आणि काडतूस यांविषयी तासन्‌तास बोलणारी माणसेही दस्त्याचा विषय दोन वाक्यांत आटोपतात. वस्तुतः नेमबाजाचा खांदा, गाल आणि दोन्ही पंजे रायफलीला जेथे जेथे स्पर्श करतात, तेथे बहुतेक दस्ताच असतो. नळी आणि बोल्टची यंत्रणा घट्ट धरून ठेवणे, गोळी सुटतानाचा धक्का खांद्यापर्यंत नीट पोहोचविणे, आणि हे सारे घडत असता स्वतः यत्किंचितही न वाकणे, हे त्याचे कर्तव्य होय. हे कर्तव्य पार पाडण्यास स्वस्त प्लास्टिकचा पोकळ दस्ता कोठे उणा पडतो, आणि ते उणेपण घरगुती कार्यशाळेत कसे भरून काढता येते, ही मोठी उद्‌बोधक कथा आहे.

अनेक पिढ्या दस्ता म्हणजे लाकूड, आणि उत्तम दस्ता म्हणजे अक्रोडाचे लाकूड, असे समीकरण होते. अक्रोड तंतूंच्या दिशेने ताठ असतो, धक्का सोसतो आणि हाताला सुखद लागतो. परंतु लाकूड हवेतील ओलावा पिते, फुगते, सुकते आणि पिळवटते. बंगालमधील ईशापूरच्या सरकारी कारखान्याने आपल्या ली-एनफिल्ड रायफलींच्या पुढच्या लाकडात बळकटीसाठी आडवा स्क्रू बसविला, तो याच जातीच्या चिंतेतून. अमेरिकेच्या मरीन दलाने १९६६ मध्ये स्वीकारलेल्या एम-४० या अचूक नेमाच्या रायफलीला लाकडी दस्ता होता; व्हिएतनामच्या दमट अरण्यात ते लाकूड वाकू लागले, नळीला टेकू लागले आणि नेम ढळू लागला. पुढील दशकात त्याच दलाच्या कारागिरांनी एम-४०ए१ बांधली, तेव्हा मॅकमिलन यांच्या काचतंतूंच्या दस्त्याला स्थान मिळाले. हे दस्ते काचतंतूंचे थर रेझिनमध्ये भिजवून हाताने रचलेले, ताठ आणि महागडे असत.

स्वस्ताईचा मार्ग निराळा होता. १९५९ मध्ये रेमिंग्टन कंपनीने ‘नायलॉन ६६’ ही लहान काडतुसाची रायफल बाजारात आणली. ड्यू पाँटच्या नायलॉनचे दोन अर्धे भाग साच्यात घडवून ते एकमेकांना जोडून तिचा दस्ता बनत असे. त्याच वर्षी टॉम फ्राय या नेमबाजाने हवेत उडविलेल्या १,००,०१० लाकडी ठोकळ्यांपैकी केवळ ६ चुकविले. या पराक्रमाने प्लास्टिकविषयीचा संशय पुष्कळसा धुऊन निघाला, आणि त्या रायफलीच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. आज अमेरिकेतील शिकाऱ्यांसाठी बनणाऱ्या माफक किमतीच्या मोठ्या रायफलींवरही साच्यात दाबून घडविलेला दस्ताच बहुधा दिसतो.

हा दस्ता पोकळ असतो, यात कारखानदाराची लबाडी नाही. वितळलेले प्लास्टिक साच्यात दाबले की त्याचा जाड भाग सावकाश आणि असमान थंड होतो, आकसतो, पृष्ठभागावर खळगे पाडतो, आणि साचा अडकून पडल्याने उत्पादन मंदावते. म्हणून भिंती पातळ ठेवून आत आडव्या-तिरप्या फासळ्यांचे जाळे रचण्यात येते. शिकारीच्या प्रसंगी, थंड नळीतून एखादीच गोळी झाडणाऱ्या माणसाला एवढे पुरते. कागदी लक्ष्यावर एकाच छिद्राजवळ पाच गोळ्या बसविण्याची आकांक्षा धरली, की मात्र दोष उघडा पडतो.

दोषाचे मूळ दस्त्याच्या अग्रभागात आहे. नळी यंत्रणेपासून पुढे कोठेही न टेकता अधांतरी राहावी, हा अचूक रायफलीचा मान्य नियम. कारण गोळी सुटताना नळी थरथरते, आणि त्या थरथरीत दर वेळी निराळ्या ठिकाणी निराळा दाब पडला तर गोळीही दर वेळी निराळीकडे जाते. आता पोकळ अग्रभाग म्हणजे वरून उघडी पन्हळ. अशी पन्हळ वाकण्यास फारशी हरकत घेत नाही, आणि पिळास तर जवळजवळ विरोधच करीत नाही. नेमबाजाने पुढे दुपायी टेकू लावून खांद्याने रेटा दिला किंवा खांदपट्टा ताणला, की पन्हळीची कड नळीला जाऊन भिडते. परीक्षा सोपी आहे: रायफल पूर्णपणे रिकामी केल्याची खातरजमा करून, टेकूवर भार देऊन, नळी आणि दस्ता यांमधून कागदाची पट्टी सरकवावी, ती अडली तर निदान झाले.

उपचारात पहिला विचार पदार्थांच्या ताठपणाचा. पॉलिप्रॉपिलीनच्या जातीच्या प्लास्टिकचा प्रत्यास्थतेचा अंक सुमारे दीड गिगापास्कल, इपॉक्सी रेझिनचा सुमारे तीन, अक्रोडाचा तंतूंच्या दिशेने अकरा-बारा, आणि ॲल्युमिनियमचा सत्तर. म्हणजे नुसत्या इपॉक्सीने पोकळी भरली तर पन्हळीचा भरीव दांडा होतो आणि पीळ बराच आवरतो. पण वाकण्याविरुद्ध खरे बळ त्यात रोवलेल्या धातूच्या सळया किंवा कार्बन तंतूंच्या नळ्या देतात. बाण करण्यासाठी मिळणाऱ्या कार्बनच्या कांड्या तोडून अनेक हौशी कारागीर हेच साधतात. सळई कोठे बसवावी, हा मात्र पुष्कळांच्या हातून निसटणारा मुद्दा आहे. दांडा वाकताना त्याच्या मध्यरेषेवर ताण जवळपास नसतो. तेथे ठेवलेली उत्तम सळईही आळशी राहते. एक जोडी तळाशी आणि दुसरी वरच्या कडांलगत, अशा दूर बसविलेल्या सळयाच भार उचलतात.

दुसरा विचार चिकटण्याचा, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा. काही प्लास्टिकांना, विशेषतः पॉलिप्रॉपिलीनला, कोणताही गोंद मनापासून धरीत नाही. इपॉक्सी घट्ट होते खरी, पण काही काळाने सबंध ठोकळाच्या ठोकळा आतल्या आत सुटा होतो. म्हणून आतील पृष्ठभाग खरखरीत कागदाने घासून, तेलकटपणा पुसून, फासळ्यांना आरपार छिद्रे पाडावी. त्या छिद्रांतून वाहून गोठलेली इपॉक्सी फासळ्यांत यांत्रिक रीतीने अडकते आणि चिकटपणावर विसंबण्याचे कारण उरत नाही. सळयाही याच छिद्रांतून ओवता येतात. मॅगझिनच्या खाचेकडे आणि स्क्रूंच्या भोकांकडे रेझिन वाहू नये म्हणून मूर्तिकामाच्या मऊ मातीचे बांध घालावे. नळीचा भाग चिकटपट्टीने आणि मेणाने संरक्षित करावा.

तिसरा विचार उष्णतेचा. इपॉक्सी गोठताना उष्णता सोडते, आणि एकदम मोठा लगदा ओतला तर ती उष्णता बाहेर न पडता साचत जाऊन पातळ भिंती वाकवू शकते. येथे घाई करणारा मनुष्य वाकडा दस्ता कायमचा ताठ करून बसतो. थोडथोडे थर देऊन, प्रत्येक थर थंड होऊ देऊन, दस्ता सरळ आधारावर ठेवून केलेले काम संथ होते, पण तेच टिकते.

वजनाचा प्रश्न वेगळा आहे, आणि ताठपणाशी त्याची गल्लत करणे हा या उद्योगातील सर्वसाधारण प्रमाद होय. धक्क्याचा संवेग काडतूस ठरविते. रायफल जितकी जड तितकी तिच्या वाट्याला आलेली ऊर्जा कमी. ३ किलोची रायफल ४ किलोची केली, तर ही ऊर्जा तीन-चतुर्थांशावर येते, आणि खांद्याला ते लगेच समजते. हे वजन अग्रभागात कोंबू नये. तेथे २०० घनसेंटिमीटर इपॉक्सीनेच सुमारे पाव किलो भर पडते आणि रायफल नाकाडावर झुकते. भरपाईची जागा मागचा कुंदा. त्याची रबरी गादी काढून १०० घनसेंटिमीटर शिशाचे छर्रे इपॉक्सीत कालवून बसविले, तर पाऊण किलोच्या आसपास वजन वाढते आणि तोल पुन्हा दोन पंजांच्या मध्ये येतो. छर्रे सुटे ठेवले तर ते खुळखुळतात आणि दर वेळी तोल बदलतात, म्हणून ते बांधलेच पाहिजेत. बांधकामातील फुगणारा फेस भरण्याची शिफारस पुष्कळदा होते. त्याने ढोलासारखा पोकळ आवाज जातो, परंतु ना वजन येते ना फारसा ताठपणा, आणि बंद पोकळीत आर्द्रता न पोहोचल्याने मधला भाग ओलाच राहून पुढे फुगण्याचा धोका असतो.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीच्या रायफलीचे हे जग उरले नाही, आणि परवान्याच्या शस्त्राचे कोणतेही काम परवानाधारक कारागिराकडेच सोपविणे उचित. पण वजन आणि तोल यांचा हाच विचार क्रीडानेमबाजीत रोज चालतो. म्यूनिक येथे २०१० मध्ये विश्वविजेतेपद मिळविणाऱ्या तेजस्विनी सावंत आणि पॅरिसला २०२४ मध्ये कांस्यपदक पटकावणारे स्वप्नील कुसाळे, हे दोघेही कोल्हापूरचे नेमबाज ज्या प्रकारांत खेळले, तेथील रायफलींचे धातूचे दस्ते खेळाडूच्या देहयष्टीनुसार जुळवून घेता येतात आणि सुट्या वजनांनी तोल साधता येतो. १० मीटर एअर रायफलीला साडेपाच किलोची मर्यादा आहे. तिच्या आत कोणता ग्रॅम कोठे ठेवावा, यावर खेळाडू आणि प्रशिक्षक दीर्घकाळ विचार करतात.

म्हणून कुंद्यात शिसे ओतण्यापूर्वी रायफल कोणत्या कामासाठी आहे, हे मालकाने स्वतःशी ठरवावे. बाकावर टेकवून दूरच्या लक्ष्यावर गोळ्या झाडणाऱ्याने अग्रभाग ताठ करावा आणि कुंदाही निःसंकोच जड करावा. रॉकी पर्वतात दिवसभर चढ-उतार करणाऱ्या शिकाऱ्याने मात्र अग्रभागात सळया आणि लागेल तेवढीच इपॉक्सी घालून थांबावे, आणि कुंदा रिकामाच ठेवावा.